सिक्लिड विकताना आणि पाळताना : कोणता मासा कोणाच्या पेटीत?

रंगीत माशांच्या धंद्यात 'मिक्स सिक्लिड' नावाचा माल चटकन खपतो. पिवळे, निळे, नारिंगी, पट्ट्यापट्ट्यांचे, बोटाच्या दोन पेरांएवढे मासे एकाच टाकीत सोडलेले असतात. गिऱ्हाईक काचेवर बोट ठेवून सांगते, 'भाई, चार पिवळे द्या, चार निळे द्या, दोन ते पट्ट्यांचे द्या.' दुकानदार जाळीने मासे काढतो, पिशवीत हवा भरून गाठ मारतो आणि सौदा पुरा होतो. सहा-आठ महिन्यांनी त्या घरी दहापैकी एक-दोनच मासे उरलेले असतात आणि त्यांच्याही शेपट्या फाटलेल्या असतात. मग काचपेटी रिकामी होऊन माळ्यावर जाते आणि ते गिऱ्हाईक पुन्हा दुकानाची पायरी चढत नाही.

यात नुकसान एकट्या गिऱ्हाइकाचे नाही. मासा एकदाच विकला जातो. खाद्य, फिल्टरचा स्पंज, हवेचा पंप, औषध, वाळू हा माल मात्र मासा जिवंत असेपर्यंत दर महिन्याला विकला जातो. नांदेड आणि लातूरमध्ये या धंद्याच्या आजूबाजूला आपले कितीतरी बांधव आहेत. कोणी काच कापतो, कोणी स्टँडचे वेल्डिंग करतो, कोणी लाकडी कपाट आणि झाकण बनवतो, कोणी फरशीचे तुकडे विकतो. या सर्वांची रोजी पेटीतला मासा जगण्यावर अवलंबून आहे. म्हणून कोणता सिक्लिड कोणाबरोबर नांदतो आणि कोणाबरोबर नांदत नाही, हे या लेखात आम्ही थोडे विस्ताराने सांगत आहोत.

चिलापीचे भाऊबंद

सिक्लिड हे नाव परके वाटले तरी हे घराणे आपल्या ओळखीचे आहे. उजनीच्या धरणातून बाजारात येणारी चिलापी, म्हणजेच तिलापिया, हा सिक्लिडच. आफ्रिकेतला हा मासा १९५२ साली भारतात आणला गेला. तो इतक्या वेगाने पसरला की १९५९ मध्ये त्याच्या प्रसाराला बंदी घालावी लागली, पण तोवर तो धरणाधरणांत पोचला होता. भारताचे स्वतःचे सिक्लिड तीनच, तेही दक्षिणेकडचे आणि किनारपट्टीचे. त्यांतला एक गोव्यात 'कालुंदर' म्हणून आवडीने खाल्ला जातो. केरळमध्ये त्यालाच करिमीन म्हणतात आणि २०१० साली त्या राज्याने त्याला राज्यमासा ठरवले. जगभर या घराण्याच्या १७०० च्या वर जातींची नोंद झाली आहे. बहुतेक आफ्रिकेतल्या आणि दक्षिण व मध्य अमेरिकेतल्या आहेत.

चिलापी पाहिलेल्या माणसाला या घराण्याचा स्वभाव समजावून सांगण्याची गरज नाही. सिक्लिड आपली हद्द आखतो, पिलांची राखण करतो आणि हद्दीत शिरणाऱ्याला चावतो. तळ्यात हरलेला मासा पळून जातो. चार फुटांच्या पेटीत तो पळणार कोठे? तो कोपऱ्यात फिल्टरच्या नळीमागे उभा राहतो, खाणे सोडतो आणि आठवड्याभरात मरतो. गिऱ्हाइकाला वाटते की रोग आला, आणि ते औषध घ्यायला येते. रोगाचे औषध विकून ही भांडणे मिटत नाहीत.

आपले पाणी कोणाला मानवते?

जोड्या लावण्याआधी पाणी पाहावे. मराठवाड्याची जमीन काळ्या खडकाची आहे आणि आपल्याकडच्या बहुतेक बोअरचे पाणी जड असते. साबणाला फेस येत नाही, पातेल्याच्या तळाशी पांढरा थर बसतो, गिझरची कॉइल वर्षा-दोन वर्षांत निकामी होते. संसाराला ही कटकट असली तरी आफ्रिकेतल्या मलावी आणि टांगानिका या सरोवरांच्या माशांना असे पाणी मानवते. त्या सरोवरांचे पाणी अल्कलीकडे झुकलेले आहे. मलावीचा पीएच साधारण ७.७ ते ८.६ असतो, टांगानिकाचा त्याहून अधिक. मुंबईच्या शौकिनाला ज्यासाठी पाण्यात क्षार घालावे लागतात, ते लातूरच्या शौकिनाला हातपंपावर मिळते.

येथे एक खुलासा करणे आवश्यक आहे. हल्ली घरोघरी टीडीएस मीटर आले आहे. ते पाण्यात एकूण किती क्षार विरघळले आहेत एवढेच सांगते. ते क्षार चुन्याचे आहेत की मिठाचे, हे त्यावरून कळत नाही. म्हणून खाऱ्या बोअरचे पाणी आकडा मोठा दिसला म्हणून पेटीत ओतू नये. पीएच आणि जडपणा दाखवणाऱ्या कागदी पट्ट्या मिळतात, त्यांचा एक डबा दुकानात ठेवावा आणि गिऱ्हाइकाला बाटलीभर पाणी आणायला सांगावे. नळाचे पाणी असेल, नांदेडला विष्णुपुरीचे किंवा लातूरला मांजराचे, तर त्यात क्लोरीन असते. एक दिवस उघड्या पिंपात हवा सोडून ठेवावे किंवा हायपोचे थेंब टाकावेत. जुन्या फोटो स्टुडिओवाल्यांना हायपो चांगले माहीत आहे.

याउलट डिस्कस आणि रॅम हे ॲमेझॉन व ओरिनोकोच्या बाजूचे सिक्लिड मऊ, किंचित आम्ल पाण्यातले. पैदास केंद्रातले डिस्कस थोडेफार जुळवून घेतात, पण त्यांना २८ ते ३० अंश ऊब, वरचेवर पाणीबदल आणि जड पाण्याच्या गावी आरओचे पाणी लागते. एक बादली आरओच्या पाण्यामागे दोन-तीन बादल्या पाणी वाया जाते. लातूरसारख्या गावात या माशांची शिफारस आम्ही करणार नाही.

मलावीचे खडकवासी

'मिक्स' म्हणून जे विकले जातात त्यांत बहुसंख्य मलावी सरोवराच्या खडकांत राहणारे मासे असतात. त्यांना शौकीन लोक 'एम्बुना' म्हणतात. हे शेवाळ खरवडून खाणारे मासे आहेत. त्यांचे आतडे लांब असते, म्हणून स्पिरुलिना असलेले हिरवे खाद्य त्यांना मानवते. ब्लडवर्म किंवा मांसाहारी दाणा सतत दिला तर पोट फुगून मरतात. नेमके याच माशांबरोबर ऑस्कर विकला जातो! ऑस्करला मांसाहारी दाणा हवा, एम्बुनाला हिरवा. एका पेटीत दोन चुली कशा मांडणार?

खडकवाशांमध्येही सगळे सारखे नाहीत. येलो लॅब हा पिवळाधमक मासा त्यांतला सर्वांत सालस, चार इंचांच्या आसपास वाढणारा. गंजासारख्या जांभळट-तपकिरी रंगाचा रस्टी तसाच शांत. फिकट निळा सोकोलोफी थोडा तिखट, पण आटोक्यातला. नवशिक्याला चार फुटी पेटी भरून द्यायची असेल तर सहा येलो लॅब, पाच रस्टी आणि पाच सोकोलोफी, हे सोळा मासे एकाच दिवशी द्यावेत. तिघांचे रंग वेगळे आहेत हेही महत्त्वाचे, कारण सिक्लिडचे पहिले भांडण आपल्यासारख्या दिसणाऱ्याशी होते.

आता ज्यांच्यापासून सावध राहावे ते. ऑरेटस लहानपणी पिवळ्या अंगावर काळे पट्टे मिरवतो आणि टाकीत सर्वांत आधी नजर त्याच्यावर जाते. नर मोठा झाला की काळपट होतो आणि सबंध पेटीचा दादा बनतो. केनीची पिले निळी असतात. नर पुढे पिवळा होतो, आणि 'येलो लॅब म्हणून दिला होता का?' असे गिऱ्हाईक विचारू लागते. तोही तसाच भांडखोर. व्हीनस्टसच्या अंगावर जिराफासारखे ठिपके असतात. हा तर खडकवासीच नाही, मासे गिळणारा शिकारी आहे आणि दहा इंचांपर्यंत वाढतो. गडद निळा डेमासोनी लहानखुरा असला तरी आपल्याच जातीच्या जिवावर उठतो. तो ठेवायचा तर बारा-पंधरा ठेवावेत, म्हणजे मार वाटला जातो. दोन-तीन ठेवले तर शेवटी एकच उरतो.

मार वाटला जाणे, हे या माशांच्या पेटीचे सूत्र आहे. म्हणून ती थोडी दाट भरतात, एका नरामागे तीन-चार माद्या ठेवतात आणि नवा मासा एकटा कधीच सोडत नाहीत. नवीन सोडायचेच असतील तर चार-पाच एकदम सोडावेत. त्याआधी दगडांची रचना मोडून नव्याने लावावी आणि दिवा बंद ठेवावा. जुन्यांची हद्द मोडली की जुने आणि नवे एकाच पायरीवर येतात.

पीकॉक हेही मलावीचेच, पण वाळूतले किडे टिपणारे आणि नरम स्वभावाचे. त्यांना खडकवाशांत घातले तर त्यांचा रंग उतरतो. फार तर येलो लॅब त्यांच्यासोबत चालतो. पीकॉकच्या निरनिराळ्या जातींच्या माद्या जवळजवळ सारख्याच दिसतात आणि जाती आपसांत मिसळतात, म्हणून पैदास करायची नसेल तर नुसते नर ठेवावेत. घाऊक खरेदी करणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. दीड-दोन इंचांचा पीकॉक भडक रंगला असेल तर तो रंग हार्मोनच्या खाद्याचा असण्याची शक्यता असते. पुढे तो रंग टिकत नाही. दिसायला सगळेच नर, आणि निघतात माद्या.

अमेरिकेकडचे

अमेरिकेकडच्या सिक्लिडांची गोष्ट थोडक्यात आटोपता येते, कारण त्यांतले बहुतेक गर्दी मागत नाहीत. ऑस्कर फूटभर वाढतो, माणूस ओळखतो, आणि जे तोंडात मावते ते गिळतो. चार फुटी पेटीत एक ऑस्कर, फार तर जोडी. दोन फुटी पेटी घेणाऱ्याला ऑस्करचे पिल्लू देणे म्हणजे त्याला फसवणेच होय. कॉन्व्हिक्टची जोडी जड पाण्यातही मजेत राहते आणि भराभर पिले देते, पण अंडी घातली की सगळी पेटी आपली मानते. म्हणून ती जोडी एकटी ठेवावी. एंजल हाही सिक्लिडच. त्याला दीड फूट उंचीची पेटी आणि शांत शेजार लागतो. टायगर बार्ब त्याचे पर कुरतडतात आणि मोठा झालेला एंजल स्वतः निऑन टेट्रा गिळतो. एंजलला मलावीच्या माशांत टाकू नये, हे अजूनही सांगावे लागते याचे आम्हाला नवल वाटते.

फ्लॉवरहॉर्नचा विषय वेगळा आहे. हा निसर्गातला मासा नव्हे. १९९० च्या दशकात मलेशियात मध्य अमेरिकी सिक्लिडांच्या संकरातून तो तयार झाला. त्याच्या डोक्यावरचे टेंगूळ आणि अंगावरच्या खुणा यांना नशिबाशी जोडून तो हजारो रुपयांना विकला जातो. तो एकटाच ठेवावा लागतो, हे खरे आहे. तो बरकत आणतो, हे खरे नाही. नफा-नुकसान अल्लाहच्या हाती आहे असे मानणाऱ्या दुकानदाराने माशाच्या डोक्यावरचे टेंगूळ शुभ म्हणून सांगून दाम वाढवणे आम्हाला पटत नाही. मासा म्हणून विकावा, रुबाबदार आहे म्हणून विकावा. तैवानचा पॅरट हाही संकराचाच, त्याचे तोंड धड मिटत नाही. चपळ माशांत तो उपाशी राहतो. निळे, जांभळे पॅरट दिसले तर तो रंग जन्माचा नसून बाहेरून दिलेला असतो.

पेटी करणाऱ्यांसाठी

चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच पेटीत सुमारे २५५ लिटर पाणी मावते. काच आणि दगड धरून वजन साडेतीनशे किलोच्या वर जाते. जुन्या माळवदाच्या घरात माडीवर ती ठेवू नये आणि स्लॅबवरही भिंतीलगत, तुळईच्या जवळ ठेवावी. काच आठ मि.मी.ची वापरून भागवणारे आहेत. आम्ही दहा मि.मी. आणि वरून काचेच्या आडव्या पट्ट्या सुचवतो, कारण पेटी रात्री फुटली तर माशांसोबत शेजाऱ्याशी असलेले संबंधही जातात. बाथरूमसाठी बुरशीरोधक सिलिकॉन मिळते, ते चुकूनही वापरू नये, त्यातले औषध माशांना मारते. साधे काचेचे सिलिकॉन वापरून पेटी आठवडाभर वाळू द्यावी. तळाखाली थर्माकोलची शीट घालावी.

मलावीच्या पेटीला गुहा लागतात. यासाठी दुकानातल्या रंगीत प्लास्टिकच्या किल्ल्यांपेक्षा शहाबादी फरशीचे तुकडे कितीतरी चांगले. ही फरशी चुनखडकाची असल्याने पाणी जड राखायला थोडी मदतच करते आणि फरशीवाल्याकडे तिचे तुकडे पडूनच असतात. कडा घासून घ्याव्यात. दगड आधी तळावर बसवावेत आणि मग धुतलेली वाळू टाकावी. वाळूवर दगड ठेवले तर मासे खालून उकरतात, दगड कलंडतो आणि काच जाते. अशा कापलेल्या, घासलेल्या, सिलिकॉनने जोडलेल्या गुहा तयार करून विकणे हा फरशी कारागिरांसाठी चांगला जोडधंदा होऊ शकतो.

पेटी भरली की लगेच मासे सोडू नयेत. फिल्टरमध्ये उपयोगी जिवाणू वाढायला तीन-चार आठवडे लागतात. आपल्याकडे ही काळजी अधिक घ्यावी, कारण अल्कली पाण्यात माशांच्या मलमूत्रातला अमोनिया जास्त जहाल होतो. वीज गेली की दाट भरलेल्या पेटीला पहिला फटका बसतो, म्हणून प्रत्येक मलावी पेटीसोबत बॅटरीवर चालणारा हवापंप विकावा. मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत पेटी असेल तर झाकण उघडून पाण्यावर पंखा सोडावा.

टंचाईच्या गावात

दाट भरलेल्या पेटीचे पाव पाणी दर आठवड्याला बदलावे लागते. चार फुटी पेटीला हे साठेक लिटर होते, म्हणजे चार बादल्या. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीने पाच लाख लिटर आणले होते. असे दिवस पाहिलेल्या गावात चार बादल्यांचा हिशेब आधी सांगून पेटी विकावी. काढलेले पाणी कढीपत्त्याला, गुलाबाच्या कुंड्यांना घालता येते, त्यात खतच असते, पण बादल्या आधी मिळायला हव्यात.

ज्याच्या घरी पाण्याची ओढ आहे त्याला दाट मलावी पेटी देऊ नये. त्याच्यासाठी टांगानिकाचे शंखवासी उत्तम. मल्टी या नावाने विकला जाणारा हा मासा दोन इंचांच्या आत राहतो आणि रिकाम्या शंखात घर करतो. अडीच फुटी पेटीत सात-आठ मल्टी पुष्कळ झाले. त्यांना जड पाणी आवडते आणि आठवड्याला एक बादली पाणी पुरते. तळ्याकाठी सापडणारे गोगलगायीचे मोठे रिकामे शंख उकळून घातले की त्यांचे काम भागते. त्यांच्या पेटीत दुसरा कोणताही सिक्लिड टाकू नये. मल्टी आपल्याकडे सहज मिळत नाहीत, मुंबई-हैदराबादहून मागवावे लागतात. पण एकदा बस्तान बसले की पिले पेटीतच होतात आणि शंखासकट विकता येतात.

माल दाखवून विकणे

बाजारातून जाताना प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला, तो आत ओले धान्य निघाले, आणि ओले धान्य वर का ठेवले नाही असे त्यांनी व्यापाऱ्याला विचारले, ही हकीकत आपल्या प्रत्येक व्यापाऱ्याने ऐकलेली आहे. दीड इंचाच्या ऑरेटसचा स्वभाव हे ढिगातले ओले धान्यच आहे. तो गिऱ्हाइकाला दिसत नाही, दुकानदाराला ठाऊक असतो.

उपाय स्वस्त आहे. घाऊक माल 'मिक्स' मागवण्याऐवजी जातवार मागवावा, थोडा महाग पडला तरी. प्रत्येक टाकीवर चिठ्ठी लावावी : माशाचे नाव, मूळ ठिकाण, पूर्ण वाढ किती इंच, खाद्य हिरवे की मांसाहारी, आणि कोणाबरोबर चालत नाही. गिऱ्हाइकाच्या पेटीचे माप आणि त्यात आधी असलेले मासे वहीत लिहून ठेवावेत. पुढच्या वेळी तो काय मागतो यापेक्षा त्याला काय चालेल हे वही सांगेल.

येलो लॅबची पैदास घरच्या घरी करण्यासारखी आहे. मादी अंडी तोंडात धरते, सुमारे तीन आठवडे खात नाही आणि मग पोहती पिले सोडते. एकाच जातीची पेटी ठेवली तर पिले अस्सल राहतात. रेड झेब्राशेजारी ठेवली तर दोघांचा संकर होतो, आणि तो माल येलो लॅब म्हणून विकता येत नाही. ज्या भगिनींना घरी हे काम करायचे आहे त्यांनी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जरूर विचारणा करावी. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत घरगुती शोभिवंत मासे केंद्रासाठी तीन लाख रुपये प्रकल्पखर्च धरून सर्वसाधारण अर्जदारास ४० टक्के आणि महिलांना ६० टक्के अनुदानाची तरतूद होती. सध्या कोणती योजना चालू आहे ते तेथे कळेल. उरलेली रक्कम व्याजाच्या कर्जाऐवजी दोन-तीन भगिनींच्या भागीदारीतून उभी करता आली तर अधिक बरे.

पेटीत मावेनासा झालेला किंवा भांडकुदळ निघालेला मासा दुकानदाराने परत घ्यावा, निम्म्या किमतीने का होईना. तो गोदावरीत किंवा मांजरा धरणात कोणालाही सोडू देऊ नये. चिलापीने काय केले ते आपण पाहिले आहे आणि पेटीतली काच साफ करण्यासाठी विकला जाणारा सकर आता उजनीच्या मच्छीमारांची जाळी फाडतो आहे. परत आलेल्या माशांसाठी दुकानाच्या मागे एक रिकामी तीन फुटी टाकी पुरते.